वाऱ्याच्या खालच्या बाजूला

दीड मीटर

जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर खोदाई सुरू होऊन त्या सकाळी नववा दिवस होता, आणि नवऱ्याने तिच्याकडे बघितलं.

सहज नजर गेली असं नव्हतं ते. मशीनच्या बकेटमधून पडलेलं एक ढेकूळ त्याने उचललं, हातमोजा काढून तळहातावर फोडलं, तोंडावरचा मास्क वर सारून नाकापाशी नेलं, डोळे मिटले, उघडले, आणि वीस पावलांवर बूट धुण्याच्या हौदापाशी उभ्या असलेल्या तिच्याकडे टक लावून बघितलं. मग म्हणाला, "आहे."

"डावीकडे!" मुकादम ओरडला.

"आहे" म्हणजे मातीत तेल आहे. ती माती डावीकडे, जाड प्लॅस्टिकवर. तिथून ती झाकलेल्या ट्रकमधून दूर जायची. "नाही" म्हणजे उजवीकडे. ती पुढे परत खड्ड्यात भरायची. दिवसभर हे दोनच शब्द. आहे. नाही. आहे. आहे. नाही. आणि प्रत्येक शब्दाआधी ते बघणं.

खोदाईवाल्यांना अंगभर पांढरे झगे वाटणारी मावशी पत्र्याच्या शेडमधून हौदापर्यंत आली होती. तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "काय गं, लग्नाला किती वर्षं झाली तुमच्या?"

"सोळा."

"सोळा वर्षांनी माणूस असा बघतो म्हणजे बायको तरी नवी असते, नाहीतर डोळे तरी गेलेले असतात."

"तुम्हाला दुसरं काम नाही का, मावशी?" ती म्हणाली आणि खाली मान घालून बुटांवर ब्रश घासायला लागली. पण कान तापले होते. दुसऱ्या दिवशी तिने डोक्याला जुन्या रुमालाऐवजी निळा रुमाल बांधला. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, जुना धुतलाय.

गावात त्याला नाकोबा म्हणायचे. थट्टेने नव्हे. एके काळी तो विहिरी खोदायचा. दोन वर्षांपूर्वी गावच्या विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन तो म्हणाला होता, "यात तेल आहे." तपासायला आलेल्या साहेबाने हसत हसत सगळ्यांदेखत ते पाणी एक ग्लासभर पिऊन दाखवलं होतं. वर्षभराने पाण्यावर सात रंगांचा तवंग आला, विहिरीला कुलूप लागलं, आणि कळलं की बंद पडलेल्या पंपाच्या जमिनीखालच्या टाक्या कित्येक वर्षं गळत होत्या. सगळ्या यंत्रांच्या आधी एका माणसाच्या नाकाला ते कळलं होतं. तेव्हापासून तो नाकोबा.

म्हणून तर खोदाईवर त्याला फावडं मिळालं नाही, मान मिळाला.

मापाचं यंत्र होतं, नाही असं नाही. मुठीएवढी पिवळी पेटी. हवेत तेलाची वाफ वाढली की टिवटिव करायची, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. पहिल्या दिवशी ती चारदा ओरडली. चारदा सगळे वर आले, चारदा अर्धा अर्धा तास हात बांधून बसले. दुसऱ्या दिवशी मुकादमाने तिला शेडच्या खिळ्याला अडकवलं, वारा येतो त्या बाजूला. तिथे ती गुणी पोरीसारखी गप्प राहिली.

"आपल्याकडे नाकोबा आहे," मुकादम म्हणाला. "तो उगीच ओरडत नाही."


अडीच मीटर

बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येत. सुरक्षेच्या बाई. पायात चिखलाचे बूट, हातात कागद अडकवलेली पाटी, चेहरा कायम आदल्या रात्री न झोपल्यासारखा. त्या आल्या की मुकादम सदऱ्याचं वरचं बटण लावायचा आणि टिटवी खिळ्यावरून खड्ड्यापाशी यायची. त्या गेल्या की बटण उघडायचं आणि टिटवी खिळ्यावर.

मास्क तोंडाला घट्ट बसावा म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना दाढी-मिशी काढायला लावली होती. नाकोबाने वीस वर्षांची मिशी काढली आणि तीन दिवस ओठावर हात ठेवून हिंडला. तिचा धाकटा भाऊही खोदाईवर होता. तो म्हणाला होता, "दाजी, आता तुम्ही माझ्याहून लहान दिसता. उद्यापासून तुम्हीच मला दादा म्हणा." तेव्हा नाकोबाही हसला होता.

मास्कला दोन्ही गालांशी एकेक डबी. हवा त्या डब्यांतून गाळून आत यायची. त्याचं गणित बाईंनी पहिल्या दिवशी सोपं करून सांगितलं होतं: "आत वास यायला लागला की समजा डबी संपली. बाहेर या, बदला."

हे वाक्य लक्षात ठेवायला हवं. बाईंनी ते चांगल्या मनाने सांगितलं होतं.

धाकटा रोज वास आला म्हणून वर यायचा, डब्या बदलायचा. मुकादम कपाळाला हात लावायचा. त्या मंगळवारी तो बाईंसमोरच म्हणाला, "हा बघा आमचा लाडोबा. दिवसाला एक जोडी खातो. आणि हे त्याचे दाजी. अकरा दिवस एकच जोडी! वापरावं कसं ते यांच्याकडून शिका."

नाकोबाने मान ताठ केली.

बाईंची पेन्सिल थांबली. "अकरा दिवस? आत वास नाही आला?"

"नाही बाई."

"एकदाही नाही?"

"नाही."

बाईंनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. काहीतरी लिहायला घेतलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, त्या कुणाशी तरी ट्रकबद्दल भांडल्या, आणि परत वळल्या तेव्हा त्यांची नजर हौदाकडे गेली.

"आणि ह्यांचा मास्क कुठे आहे?"

"ती तर नुसती बूट धुते," मुकादम म्हणाला.

"खड्ड्यावरचा सगळा वारा ह्यांच्या तोंडावर येतो. ह्या नुसते बूट धुतात हे वाऱ्याला सांगितलंय का तुम्ही?"

मावशी खुदकन हसली. मुकादम हसला नाही.

असा तिला मास्क मिळाला. बाईंनी स्वतः पट्टे आवळले. "डब्यांवर तळहात दाबा. श्वास आत घ्या. मास्क गालाला चिकटला? चिकटला म्हणजे बरोबर बसला." वर चष्मा दिला. नाक, ओठ, गाल, हनुवटी, भुवया, सगळं झाकलं. निळा रुमाल तेवढा दिसत राहिला. आणि आत एकदम काहीच उरलं नाही. अकरा दिवस घशात बसलेला तो गोडसर, डोकं धरणारा वास दार लोटावं तसा बंद झाला. तिला रडूच आलं. कळलंच नव्हतं इतके दिवस आपण काय ओढत होतो ते.

दुपारी बाई गेल्या. मशीनने बकेट ओतली. नाकोबाने ढेकूळ उचललं, फोडलं, नाकापाशी नेलं, डोळे मिटले, उघडले, आणि तिच्याकडे बघितलं.

बघितलं.

बघतच राहिला.

"अरे, लवकर!" मुकादम म्हणाला.

"नाही," नाकोबा म्हणाला.

उजवीकडे.

नाही. नाही. मग बराच वेळ थांबून, आहे. नाही. नाही. आहे, नाही, नाही थांबा, आहे. नाही.

"आज माती सुधारली बुवा," मुकादम खुशीत म्हणाला. संध्याकाळपर्यंत ट्रकची एक फेरी कमी लागली.


जमिनीवर, घरी

त्या दिवशी तो उजव्या ढिगातली एक गोणी माती खांद्यावर टाकून घेऊन आला. दाराशेजारच्या वाफ्यात तिला मिरचीची रोपं लावायची होती आणि तिथली जमीन दगडासारखी होती. चार दिवस ती त्याच्या मागे लागली होती.

ऊन उतरलं होतं. तिने शेगडीवर दूध ठेवलं आणि गोणी सोडायला बाहेर आली. गाठ सुटली, माती वाफ्यात सांडली, आणि ती दोन पावलं मागे सरली. दारात मालट्रक येऊन उभा राहिल्यासारखा वास.

आत दूध उतू गेलं. तेही तिला बाहेर कळलं, जळक्या साईचा वास आला म्हणून. ती धावत आत गेली. शेगडीपासून दोन हातांवर तो भिंतीला टेकून बसला होता, बुटाची नाडी सोडवत. घरभर धूर होता. धूर डोळ्यांना लागला तेव्हा त्याने मान वर केली.

"दूध बघायचं नाही का?"

"लक्ष नव्हतं."

लक्ष. ह्याच माणसाने लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात वाटेवरूनच ओरडून सांगितलं होतं, आज भाजी लागली गं तुझी. घर दिसतही नव्हतं तिथून.

तिने भांडं उतरवलं. मग म्हणाली, "जरा बाहेर या. ही माती कुठली?"

"उजव्या ढिगाची. मीच सांगितलेली."

"वास घेतला होता?"

"मग काय तिच्यासमोर गाणं म्हटलं?"

"परत घ्या."

तो उकिडवा बसला. ढेकूळ घेतलं, तळहातावर फोडलं. नाकापाशी नेलं. डोळे मिटले.

डोळे उघडले, आणि तिच्याकडे बघितलं.

या वेळी वीस पावलं मध्ये नव्हती. हातभर अंतर होतं. तिने ती नजर एवढ्या जवळून पहिल्यांदाच बघितली. त्या नजरेत ती नव्हती. परीक्षेत शेजारच्याच्या पाटीवर बघतात तशी ती नजर होती. तिच्या नाकपुड्यांवर, ओठांच्या कोपऱ्यांवर फिरत होती, काहीतरी शोधत.

तिने चेहरा घट्ट धरला. पाटा-वरवंट्यासारखा. एक सुरकुती हलू दिली नाही.

"नाही," तो म्हणाला. मग हळूच, "नाही ना?"

तिने डोक्याचा निळा रुमाल सोडला. घडी घातली. आणखी एक घडी घातली. मग तो एवढासा झालेला रुमाल मुठीत धरून विचारलं, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"किती दिवस झाले, विचारते आहे."

त्याने हात झटकले, उठला, पाण्याच्या पिंपापाशी गेला. पाठ तिच्याकडे करून बराच वेळ हात धूत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "तो मास्क कशाला लावतेस एवढ्या उन्हात? गुदमरशील. बाई कुठे रोज असतात? मुकादम काही म्हणणार नाही."

एवढंच. कबूल काही केलं नाही, मागितलं मात्र सगळं.


साडेतीन मीटर

बुधवारी सकाळी तिने मास्क हौदाच्या कडेला ठेवला.

का ठेवला, ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो उभा होता उघड्या उन्हात, हातात ढेकूळ, मिशी नसलेला, अकरा माणसं त्याच्या तोंडाकडे बघणारी. आणि तो तिच्या तोंडाकडे. एवढ्या गर्दीत एकाच माणसाचं आपल्यावाचून अडलंय हे कळल्यावर हात आपोआप पट्ट्याकडे गेला. त्या माणसाचा राग आलेला असतानाही गेला.

वारा आला. तिने नाक मुरडलं. "आहे."

वारा आला. "आहे." "आहे." "नाही." "आहे."

"आज पुन्हा बिघडली का माती?" मुकादम कुरकुरला.

दहा वाजेपर्यंत कानशिलं ठणकायला लागली. अकराला जीभ जड झाली. बूट दोनाचे चार दिसले. साडेअकराला ती ब्रश टाकून शेडच्या मागे गेली आणि सकाळचं सगळं उलटून टाकलं. पत्र्याला हात टेकून उभी असताना मागून धाकट्याचा आवाज आला.

"ताई? मास्क कुठंय तुझा?"

"उकडत होतं."

"उकडत होतं! मला सगळे लाडोबा म्हणतात तरी मी डबी बदलतो. आणि तू आख्खा मास्कच काढून ठेवतेस? दाजींनी बघितलं नाही?"

"बघितलं की," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय मग. जा कामाला."

तो गेला नाही. हौदावरचा मास्क आणून त्याने स्वतः तिच्या तोंडावर चढवला, पट्टे ओढले. लहानपणी ती त्याच्या सदऱ्याची बटणं लावायची तसं वाकडंतिकडं. "काढलास तर बघ. बाईंना सांगेन."

दुपारभर ती मास्कच्या आत होती. दुपारभर नवरा तिच्याकडे बघून, थांबून, अंदाजाने बोलत राहिला. उजवा ढीग वाढत गेला. काळपट माती आली की तो "आहे" म्हणायचा, पिवळी आली की "नाही". तिला आता लांबूनही दिसत होतं. तेलाला रंग नव्हता, एवढंच.

संध्याकाळी घरी दोघांनी जेवण केलं. मीठ कमी पडलं होतं, त्यावर ते बोलले.


साडेचार मीटर

गुरुवारी वारा पडला.

झाडाचं पान हलेना. खांबावरची, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी ओल्या पायजम्यासारखी लोंबत होती. पश्चिमेला ढग जमले होते. मुकादम आभाळाकडे आणि खड्ड्याकडे आळीपाळीने बघत होता. खड्ड्याच्या तळाशी जुन्या टाकीचा नळ उरला होता. शेजारून विजेची केबल गेली होती, म्हणून तिथे मशीन चालत नव्हतं. दोन माणसांनी उतरून हाताने माती मोकळी करायची होती. पाऊस आला की खालून पाणी चढणार, आणि मग सगळं पुन्हा.

आणि डब्या संपल्या होत्या. खोकं शुक्रवारी बाईंबरोबर यायचं होतं.

"जुन्याच लावा," मुकादम म्हणाला. "नाकोबाच्या बघा कशा टिकल्यात."

"माझ्यात काल संध्याकाळपासून वास येतोय," धाकटा म्हणाला.

"तुझ्यात नेहमीच येतो रे. एक काम करू. नाकोबा आधी उतरेल, मास्क वर करून बघेल. तो नाही म्हणाला म्हणजे नाही. मग तू आणि दुसरा कोणीतरी उतरा. चालेल?"

धाकटा हसला. "दाजी म्हणाले तर मी मास्क घरी ठेवून उतरेन."

ती हौदापाशी होती. तिने हे सगळं ऐकलं. ब्रश हातातच राहिला.

नाकोबाने कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक धाकट्याने हाताला गुंडाळलं. शिडीवरून तो एकेक पायरी उतरत गेला. पांढरा झगा आधी सगळा, मग अर्धा, मग नुसतं डोकं. ती कधी चालत खड्ड्याच्या काठापर्यंत आली, तिलाच कळलं नाही.

वरून बघितलं. खाली तो उभा. त्याने मास्क कपाळावर सारला. श्वास घेतला. डोळे मिटले.

उघडले.

वर बघितलं.

तिच्याकडे.

तिच्या तोंडावर मास्क.

"काय रे?" मुकादम.

तो बघतोय.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या होत्या, ही वाफ जड असते, वारा नसला की खड्ड्यात पाण्यासारखी साचते. वर उभ्या माणसाला पत्ता लागत नाही.

"नाकोबा! आहे की नाही?"

तिने पट्टा ओढला. मास्क काढला. चष्मा काढला. काठावर गुडघे टेकून वाकली आणि भरून श्वास घेतला. नुसतं ऊन. तापलेली माती. दोराचा वास, धाकट्याच्या घामाचा वास. बाकी काही नाही. तिला काही कळत नव्हतं. त्याला काही कळत नव्हतं. दोघांच्या मध्ये साडेचार मीटर, आणि दोराच्या टोकाला भाऊ.

तिने नाक मुरडलं. लहान पोराला दाखवावं तसं, सगळा चेहरा गोळा करून.

"आहे!" खालून आवाज आला.

मुकादमाने स्वतःचा मास्क खाली ओढला आणि हवेत हुंगलं. "कुठंय? मी इथे उभा आहे ना, काही नाही! नीट घे. पुन्हा घे एकदा, मोठा श्वास घे."

नाकोबाने पुन्हा छाती भरायला तोंड उघडलं.

"घेऊ नका!" ती ओरडली. एवढ्या मोठ्याने की मशीनवाल्याने केबिनमधून डोकं बाहेर काढलं. "श्वास घेऊ नका! मास्क लावा, वर या! ओढ रे त्यांना!"

धाकट्याने काही विचारलं नाही, ओढलं. पाचव्या पायरीवर नाकोबाचे गुडघे दुमडले. पुढच्या पायऱ्या तो चढला नाही, चढवला गेला. काठावर येऊन हातागुडघ्यांवर ओणवा झाला, तोंडातून लाळ गळत होती.

"टिटवी सोडा खाली," ती म्हणाली.

"ती नुसती ओरडते," मुकादम म्हणाला. "तिचं काय..."

धाकटा शेडकडे पळाला होता. पेटी दोराला बांधून त्याने खाली सोडली. एक मीटर, गप्प. दोन मीटर, गप्प. मुकादमाने हात कमरेवर ठेवले. तीन मीटरवर एक टिव. मग दुसरी. मग तळाशी पोचायच्या आधीच ती अशी किंचाळायला लागली की कुणाला काही बोलताच येईना. फावड्याची एक ठिणगी उडाली असती तर सगळं पेटलं असतं. किंवा तीही नको, दोन माणसं जुन्या डब्या लावून दहा मिनिटं वाकली असती तरी पुरे होतं.

दोर वर आला तेव्हा सगळे एकदम बोलायला लागले.

"अरे, काय नाक आहे का काय!"

"टिटवीच्या आधी सांगितलं!"

"गेल्या वेळी साहेब पाणी प्यायला होता, आठवतं?"

मुकादमाचा आवाज बसला होता, पण त्यानेही नाकोबाच्या पाठीवर थाप मारली. "मानलं गड्या. दोन जीव वाचवलेस."

तिने नेहमीसारखे त्याचे बूट धुवायला घेतले. तो हौदाच्या कट्ट्यावर बसला होता, पाय तिच्यासमोर. तिने वर बघितलं नाही. त्याने हे कौतुक घेतलं असतं तर तिने घेऊ दिलं असतं. आज तरी दिलं असतं. उद्याचं उद्या. ब्रश, चिखल, पाणी. ब्रश, चिखल, पाणी.

धाकटा येऊन दाजींच्या शेजारी बसला. हातावर दोराचे वळ उमटले होते, तरी हसत होता. "आता ठरलं. यापुढे मी टिटवीला विचारणारच नाही. तुम्ही फक्त म्हणायचं, दाजी. तुम्ही नाही म्हटलं की मी डोळे मिटून उतरणार."

ब्रशाखाली तिला बुटातला पाय ताठ झालेला कळला.

"उजवा ढीग उपसावा लागेल," नाकोबा म्हणाला.

"काय?" मुकादम म्हणाला.

"उजवा ढीग. मंगळवार दुपारपासूनचा. बुधवार सकाळचा सोडून."

"का?"

"मंगळवारी दुपारी हिने मास्क लावला."

कुणालाच काही उमगलं नाही. मुकादमाने मावशीकडे बघितलं, मावशीने आभाळाकडे. मग त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, अकरा माणसांसमोर, पाय बायकोच्या हातात असताना. नाक गेलंय. कधी गेलं नक्की सांगता येत नाही. सातव्या-आठव्या दिवशी कळलं. मातीचा नाही, दुधाचा नाही, स्वतःच्या घामाचाही नाही. मास्कच्या आत वास आला नाही तो डबी चांगली होती म्हणून नाही. हिच्या तोंडाकडे बघून सांगत होतो. आज हिलाही वास आलेला नव्हता. खोटंच नाक मुरडलं हिने, खऱ्या वासाला ही एवढा चेहरा गोळा करत नाही.

"आणि मी काल हिला मास्क काढायला लावला," तो म्हणाला. हे कुणी विचारलं नव्हतं.

धाकटा त्याच्या शेजारून उठला. कुठे गेला नाही, नुसता उठून उभा राहिला.

मावशीने हौदाचा नळ बंद केला. मग कुणीतरी मागून म्हणालं, "म्हणजे नाकोबाला नाकच नाही," आणि एक जण हसला, आणि मावशी त्याच्यावर खेकसली, "तुला आहे ना? मग तू उतर."


दोन मीटर, उजवा ढीग

शुक्रवारी बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच कागदांची पाटी खाली ठेवली. "वास आला की बदला, हे मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "ज्याचं नाक जातं त्याला सगळ्यात आधी बदलायला हवी, आणि त्यालाच कळत नाही. माझी चूक आहे." मुकादमाच्या तोंडून असलं वाक्य कधी आलं नव्हतं, तो ऐकतच राहिला.

नव्या डब्यांवर बाईंनी खडूने तारीख आणि वेळ लिहिली. जेवणाची सुटी झाली की सगळ्यांनी बदलायच्या, वास येवो न येवो. शेडमधला खिळा त्यांनी स्वतः उपटून खिशात घातला. नाकोबाला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाला, येईल कदाचित परत. कदाचित नाही येणार. लांब राहायचं खड्ड्यापासून.

पाऊस आला. खड्डा भरला, उपसला, पुन्हा भरला. उजवा ढीग मात्र ताडपत्रीखाली थोडा थोडा करून पुन्हा चाळला गेला. तिथे नाकोबा उभा असायचा, तोंडाला मास्क, छातीला टिटवी. ती ओरडली की हात वर करायचा, माती डावीकडे जायची. आठवडाभरात लोक त्यालाच टिटवी म्हणायला लागले. तो ओ द्यायचा. धाकटा काहीच म्हणायचा नाही. दाजी म्हणायला त्याला अजून जड जात होतं.

ती माती तिने वाफ्यातून आपल्या हाताने काढली होती. हातमोजे घालून, गोणीत भरून, परत नेऊन टाकली होती. वाफा पुन्हा दगडासारखा झाला होता.

एका संध्याकाळी ती जेवण वाढत होती. त्याने पाण्याचं भांडं उचललं, ओठांपर्यंत नेलं आणि थांबला. सवयीने नजर वर आली. तिच्या नाकावर, ओठांच्या कोपऱ्यांवर.

तिने चेहरा हलू दिला नाही.

"तोंडाने विचारा," ती म्हणाली.

त्याने भांडं खाली ठेवलं. बाहेर वाऱ्याने दार एकदा आपटलं. ओठावर मिशी पुन्हा यायला लागली होती, खुंटासारखी. त्यावरून त्याने हात फिरवला.

"पाण्याला वास येतोय का गं?"

तिने भांडं घेतलं, नाकापाशी नेलं, डोळे मिटले. मुद्दाम वेळ घेतला.

"नाही," ती म्हणाली. "प्या."